सध्या काय वाचतोयस? गोव्यात क्वीअर वाचकांचा कट्टा जमवताना

पेडण्याचा माझा एक मित्र पुस्तक स्कूटरच्या डिकीत ठेवतो. रेनकोटच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर. आमच्या पहिल्या भेटीत त्याने ते बाहेर काढलं तेव्हा जुलै महिना होता. पुस्तकाच्या कडा फुगल्या होत्या आणि मधली पंधरा-वीस पानं एकमेकांना चिकटली होती. "घरी नेत नाही," तो म्हणाला. "काम सुटलं की फाट्यावर थांबतो, दहा पानं वाचतो आणि मग घरी जातो." आम्ही तिघं बाकावर बसून पोस्टकार्डाच्या कडेने एकेक पान सोडवत राहिलो. आमच्या कट्ट्याचं पहिलं काम ते.

हा लेख त्याच्यासारख्या क्वीअर माणसांसाठी आहे. म्हणजे गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स, किंवा अजून कुठलाच शब्द नक्की न केलेल्या, मराठी वाचणाऱ्या आणि "हे वाचलं, पण बोलू कोणाशी?" असं वाटणाऱ्या प्रत्येकासाठी. नोकरीसाठी पुण्या-कोल्हापुराकडून गोव्यात आलेले असाल किंवा माझ्यासारखे इथेच, साखळी गावात वाढलेले, दोघांची अडचण सारखीच. पुण्या-मुंबईत गर्दीत हरवून जाता येतं. इथे बसमध्ये शेजारी बसलेली बाई आईची भजनातली मैत्रीण निघते. त्यामुळे आपल्याकडचा कट्टा थोडा निराळ्या पद्धतीने बांधावा लागतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. कट्ट्यावर येणाऱ्याने स्वतःबद्दल काही सांगितलंच पाहिजे असं नाही. पुस्तकाची हीच मोठी सोय आहे. कादंबरीतल्या मुलाबद्दल अर्धा तास जीव तोडून बोलता येतं आणि ‘मी’ हा शब्द एकदाही तोंडातून जात नाही. आमच्यातली एक ताई सात-आठ महिने फक्त पात्रांबद्दल बोलत होती. नवव्या की दहाव्या भेटीत वाक्याच्या मधेच ‘ती’ची ‘मी’ झाली. कोणीही मान वर करून बघितलं नाही, पुढचा प्रश्न पुस्तकाबद्दलच विचारला. कट्टा चालवायचा म्हणजे मुख्यतः एवढंच जमायला हवं.

सुरुवात दोघा-तिघांनी करा

दहा जणांची यादी करत बसू नका. दोन माणसं पुरतात. ती मिळतात कुठे? मला एक इफ्फीच्या रांगेत मिळाली. २००४ पासून हा चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो, आणि नोव्हेंबरात त्या रांगांमध्ये अनोळखी माणसं तासभर शेजारी उभी असतात. कुठला सिनेमा बघायला आलोय यावरून बरंच कळतं. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, तिथेही असंच. आणि नाटकवाले. गावच्या जत्रेत रंगणारी मराठी नाटकं, त्यांच्या तालमी, पेडण्याकडचे दशावतारी काले यांच्या आसपास आपली माणसं कायम होती. स्त्रीपार्ट करणारे सगळेच पुरुष आपल्यातले असतात असं मुळीच नाही, आणि तसं गृहीत धरणं त्यांच्यावर अन्याय आहे. पण तालमीच्या मांडवात माणूस जरा मोकळा बोलतो, एवढं खरं.

कोणालाही थेट "तू गे आहेस का?" असं विचारू नका. कधीच नाही. "सध्या काय वाचतोयस?" हा प्रश्न विचारा. उत्तर ऐका, मग तुमच्या हातातलं पुस्तक सांगा. पुस्तकाचं नाव ऐकून समोरच्याचे डोळे हलले तर तो पुढे स्वतः विचारेल. नाही हलले तरी गप्पा एका पुस्तकाच्याच झाल्या, कोणाचं काही बिघडलं नाही.

जागा आणि वेळ

पणजीत असाल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापासून सुरुवात करा. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी आहे, आणि कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं. ओळखपत्र आणि फोटो घेऊन जा आणि सदस्य व्हा. तिथे बसून गप्पा मारता येणार नाहीत, पण भेटायला ती उत्तम जागा आहे. "लायब्ररीत जाते" एवढं घरी सांगितलं की पुढे प्रश्न येत नाहीत, आणि ते खोटंही नसतं. पुस्तकं घेऊन मग कांपालच्या बाजूला नदीकाठी जायचं. मडगावकडच्यांना १९११ पासून चालत आलेलं गोमंत विद्या निकेतन आहे. फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या माणसाने प्रत्येक वेळी पणजीलाच का यावं, हाही प्रश्न विचारायला हवा. आम्ही दर तिसरी भेट दुसऱ्या तालुक्यात घेतो.

वेळ रविवारी सकाळी अकरा ते एक. याचं कारण साधं आहे. संध्याकाळी भेटलात तर वाळपईच्या माणसाचं निम्मं लक्ष बसकडे राहतं, आणि उशीर झाला की घरी उत्तर द्यावं लागतं ते वेगळंच. कोण कुठून येणार हे आधी विचारा, त्याची परतीची बस बघा, मग वेळ ठरवा. हॉटेलात बसणार असाल तर एक चहा आणि एक पातळभाजी-पाव परवडेल असंच हॉटेल निवडा. महागड्या कॅफेत एक मुलगा दोन तास पाणी पीत बसला होता, ते आमच्या फार उशिरा लक्षात आलं. पुढच्या वेळी तो आलाच नाही. त्याला परत आणायला दोन महिने लागले.

घरी कोणाच्या भेटायचं असेल तर ते घर एकट्याचं, स्वतःच्या भाड्याचं असावं. घरमालक वर राहत असेल तर नको.

पहिली भेट

प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं. अर्धं वाचलेलं चालेल, सोडून दिलेलंही चालेल. खरं तर सोडून दिलेल्या पुस्तकांवरच आमच्या सर्वांत चांगल्या गप्पा झाल्या आहेत. प्रत्येकाला सात-आठ मिनिटं. पाल्हाळ लावणारा एक माणूस प्रत्येक कट्ट्यावर असतो, त्यामुळे मोबाईलवर गजर लावलेला बरा. तो वाजला की कोणालाही वाईट वाटत नाही.

पुस्तक सुचवायचं कसं, यावर मात्र थोडं थांबते, कारण नवे लोक इथेच चुकतात. "भारी आहे, नक्की वाच" याला काही अर्थ नाही. "आपल्या सगळ्यांची गोष्ट आहे" यालाही नाही. सगळ्यांची एक गोष्ट नसतेच. आम्ही चार गोष्टी सांगतो. मी कुठल्या पानावर थांबले आणि का. हे पुस्तक कोणाच्या हातात द्यावंसं वाटतं. आत काय आहे ज्याची आधी कल्पना असलेली बरी. आणि भाषा कशी आहे, कठीण की सोपी, मराठी की इंग्रजी.

तिसरी गोष्ट टाळू नका. आपल्या विषयावरच्या कितीतरी पुस्तकांत मार आहे, जबरदस्तीचं लग्न आहे, आत्महत्या आहे. शेवट सांगून रसभंग करायचा नाही हे बरोबर, पण ज्याच्या घरी गेल्याच महिन्यात लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत त्याला असं पुस्तक न सांगता हातात देणं क्रूर आहे. "मधल्या भागात घरच्यांनी मारल्याचा प्रसंग आहे, तो जड जातो. नंतर सुटका आहे." एवढं एक वाक्य पुरतं. मी एकदा ते बोलायला विसरले. ज्या मैत्रिणीला पुस्तक दिलं तिने ते पंधरा दिवसांनी न उघडल्यासारखं परत केलं आणि काही बोलली नाही. खूण एकशे बाराव्या पानावर होती.

कुठली पुस्तकं?

मराठीत यादी छोटी आहे, पण हात रिकामे नाहीत. नवख्या माणसाला मी आधी ‘कोबाल्ट ब्लू’ देते. सचिन कुंडलकरांची ही कादंबरी २००६ मध्ये आली. एकाच घरातले भाऊ आणि बहीण त्यांच्याकडे राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, आणि आधी भावाचं म्हणणं, मग बहिणीचं, असं ते पुस्तक चालतं. त्या तरुणाला नाव नाही. कट्ट्यासाठी ही कादंबरी फार सोयीची, कारण निम्मे जण भावाच्या बाजूने वाचतात आणि निम्मे बहिणीच्या. जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ चा आहे, त्यामुळे कॉन्व्हेंटात शिकलेली, मराठी वाचायला अडखळणारी मैत्रीणही त्याच भेटीत बसू शकते. आम्ही एकदा तोच परिच्छेद दोन्ही भाषांत मोठ्याने वाचला. मराठीत जे पटकन संपलं ते इंग्रजीत रेंगाळलं असं तिला वाटलं, मला नेमकं उलट. दुपार त्यातच गेली.

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं. सुमित्रा, म्हणजेच मित्रा, या मुलीचं एका मुलीवर प्रेम आहे, आणि ही गोष्ट आपल्याला सांगतो तो तिच्यावर जीव असलेला बापू. गोव्यातल्या माणसाला नाटक वाचायला आवडतं, भूमिका वाटून घेतल्या की लाजणारेही बोलायला लागतात. पण हे नाटक सुचवताना वरची तिसरी गोष्ट जरूर सांगा. त्याचा शेवट फार अंधारा आहे, आणि मित्राला त्या काळाने जे दिलं तेच आपल्यालाही मिळणार असा ग्रह एकट्याने वाचणाऱ्याचा होऊ शकतो. हे चौघांत बसूनच वाचावं असं माझं ठाम मत आहे.

लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ बोलल्यासारखं आहे, वाचनाची सवय नसलेल्यालाही झरझर पुढे नेतं. बिंदुमाधव खिरे यांचं लेखनही शोधा. पुण्यात समपथिक ट्रस्ट उभारणाऱ्या या माणसाने लैंगिकतेबद्दल सरळ मराठीत, घरच्यांना समजेल असं लिहिलं. घरी सांगायचा विचार करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

सुनीती नामजोशींचं नाव मराठी वाचकांना फारसं माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. १९४१ साली मुंबईत जन्मलेल्या या लेखिकेने आईसोबत गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या. स्वतःचं लेखन इंग्रजीत, छोट्या छोट्या नीतिकथांच्या रूपात, पण त्यातली पाखरं, राजकन्या, राक्षस आपण पंचतंत्रापासून ओळखतो. एक कथा एका पानाची. भेटीच्या सुरुवातीला एक वाचली की सगळ्यांचा आवाज सुटतो.

आणि गोव्याचं माणूस? वेंडेल रॉड्रिक्स. कोलवाळच्या या फॅशन डिझायनरने २०१२ मध्ये ‘द ग्रीन रूम’ हे आत्मचरित्र लिहिलं. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. आपल्या जोडीदाराबद्दल त्यांनी कधी आडपडदा ठेवला नाही. डिचोलीच्या एका मुलाने ते पुस्तक बघून विचारलं, "म्हणजे कोलवाळात राहून?" हो, कोलवाळात राहून.

एवढ्यावर थांबू नका, पण फक्त ‘आपल्या’ पुस्तकांचीच सक्तीही करू नका. आमच्याकडे एक जण सलग तीन भेटी मासेमारीवरचं पुस्तक घेऊन आला. त्यालाही सात मिनिटं मिळाली. कट्टा क्वीअर वाचकांचा आहे. वाचक म्हटलं की तो मासेमारीवरही वाचणार.

भाषेचं एक

आपल्यापैकी बरेच जण घरी कोंकणी बोलतात आणि वाचतात मराठी. शाळा मराठी, पेपर मराठी, नाटक मराठी. स्वतःच्या मनातल्या गोष्टीसाठी मात्र पहिला शब्द भेटला तो इंग्रजी. कट्ट्यावर तिन्ही चालू द्या. कोणी ‘समलिंगी’ म्हणेल, कोणी ‘गे’, कोणी ‘क्वीअर’. ज्याने स्वतःसाठी जो शब्द निवडला तो त्याच्यासाठी वापरायचा. तो म्हणायचं की ती, हे ज्याच्या त्याच्याकडून ऐकायचं. चूक झाली तर दुरुस्त करून पुढे जा, लांबलचक माफी मागितली की समोरचाच अवघडतो. ट्रान्स मैत्रीण आली की सगळ्यांनी तिला शरीराबद्दल, ऑपरेशनबद्दल विचारायचं, हे पहिल्या दिवशीच बंद करा. ती पुस्तक घेऊन आली आहे, तिला पुस्तकाबद्दल विचारा.

गुप्तता

६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. एकत्र बसून पुस्तक वाचणं तर कधीच गुन्हा नव्हता. भीती कायद्याची नाही, गावाची आणि घराची आहे, आणि ती खरी आहे.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो हे नव्या माणसाला जोडण्याआधी सांगा. नंबर द्यायचा नसेल तर सिग्नल या ॲपवर नंबर लपवून टोपणनावाने राहता येतं. ग्रुपचं नाव साधं ठेवा, आमच्या ग्रुपचं नाव ‘रविवार वाचन’ आहे. फोनच्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करायला प्रत्येकाला पहिल्याच भेटीत शिकवा, बहिणीच्या हातात फोन असतो. फोटो काढायचा असेल तर पुस्तकांचा काढा, माणसांचा नको. बाजारात कट्ट्यावरचं कोणी दिसलं, सोबत घरचे असले, तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्याने हात केला तर करायचा. आणि अठरा वर्षांखालच्यांना प्रत्यक्ष भेटीला बोलावू नका. त्यांना पुस्तकांची नावं खुशाल सांगा.

कोणी फारच खचलेलं दिसलं, जगण्याबद्दल नको ते बोलायला लागलं, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा मोफत नंबर दिवसरात्र चालतो. तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. खचलेल्या माणसाला एकट्याला घरी सोडू नका.

देवाणघेवाण

एक वही करा. पुस्तकाचं नाव, कोणी दिलं, कोणी नेलं, तारीख. माणसांची पूर्ण नावं लिहायची नाहीत, आद्याक्षरं पुरे. एका वेळी एकच पुस्तक, एक महिना. हरवलं तर भांडण नको, पण पुढचं पुस्तक मागताना त्याने स्वतःचं एक आणायचं.

कव्हर प्रत्येक पुस्तकाला घालाच, ज्याला गरज नाही त्याच्याही. सगळीच पुस्तकं तपकिरी कागदात असली की कुठलं ‘तसलं’ हे कोणाला कळत नाही. जून ते सप्टेंबर पुस्तकं बंद कपाटात कोंबू नका, गोव्याच्या दमटपणात पंधरा दिवसांत बुरशी धरते. कपाटात कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा, ऊन पडलं की पानं उघडून सावलीत वारा लागू द्या. थेट उन्हात ठेवलंत तर डिंक सुटतो. पान ओलं झालं तर मधे टिपकागद किंवा जुना पेपर घाला. चिकटलेली पानं ओढू नका. पोस्टकार्ड सरकवा, सावकाश.

हवं ते पुस्तक ग्रंथालयात नसेल तर तिथे लेखी मागणी करा. नाव, लेखक, प्रकाशक लिहायचं. कशासाठी हवंय ते लिहायची गरज नाही. तीन वेगवेगळ्या सदस्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी मागितलं तर मागणीला वजन येतं.

पहिला निरोप कसा पाठवायचा हे बऱ्याच जणांना सुचत नाही म्हणून आमचा देते, हवा तर उचला: "रविवारी अकराला लायब्ररीच्या दारात. आम्ही तिघं असू. सध्या वाचत असलेलं पुस्तक आण, अर्धं असलं तरी चालेल. यायला जमलं नाही तर कारण सांगायला नको. पुढच्या महिन्यातही आहोत."

पेडण्याच्या मित्राने हा निरोप वाचून उत्तर दिलं नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो आला, डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि डिकीची चावी हातात.